त्रेसष्ट जणांचा एकच पत्ता

माझ्या मोबाइलमध्ये एक ईमेल आहे. त्यावर त्रेसष्ट माणसांची बिलं यायची आणि त्यातलं एकही बिल माझं नव्हतं. ही गोष्ट मी गेल्या वर्षापर्यंत कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "विशे, कर्जं-कार्डं विकण्याच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, लोकांना छुप्या खर्चांबद्दल उपयोग होईल असं," तेव्हा मी आधी दहा पानं चांगलं चांगलं लिहिलं. आपण किती फिरलो, किती माणसं जोडली वगैरे. मग ती पानं फाडली. लिहायचं तर हेच, नाहीतर पेन हातात धरू नये असं ठरवलं, आणि तरी एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून चहा करून आलो. एका जागी बसवत नाही हल्ली.

मी चौदा वर्षं पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डं विकली. शहापुरात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमच्या फायनान्स कंपनीचं ऑफिस होतं. मी पगारी नोकर नव्हतो, एजंट. एक लोन झालं की इतके, एक कार्ड झालं की तितके. माझी हद्द म्हणजे भातसानगरची धरण-वसाहत, कसाऱ्याचे रेल्वेवाले, मुरबाड एमआयडीसीतले कायम कामगार, आणि वाटेतल्या सगळ्या शाळांचे मास्तर न् दवाखान्यांच्या सिस्टर. पगाराची स्लिप असलेला माणूस मला लांबून ओळखू यायचा. खोटं नाही सांगत, चपलेवरून ओळखायचो. आणि बोलायला लागलो की समोरचा सहसा सुटायचा नाही. त्याचा तेव्हा अभिमान होता, थोडा अजूनही आहे. जात नाही तो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कर्ज म्हणजे रक्कम आणि व्याज. त्या दोन्हींच्या मधे जे असतं त्यावर आमचं पोट. हे मला एका माणसानं माझ्याच तोंडून वदवून घेतलं. भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर काम करणारे फर्डेकाका होते. दोन लाखांचं लोन हवं होतं त्यांना. मी फाइल उघडून सुरू केलं, "काका, वर्षाला फक्त अकरा टक्के..."

"टक्के नकोत," काका म्हणाले. "मला दोन आकडे सांग. माझ्या हातात किती पडनार? आनि शेवटचा हप्ता संपेपर्यंत माझ्या हातून किती जानार?"

"तसं काका, हप्ता अगदीच..."

"दोन आकडे रे बाबा. तिसरा नको."

चौदा वर्षांत हा प्रश्न मला असा सरळ कुणी विचारला नव्हता. फॉर्मच्या पाठीवर आकडेमोड करावी लागली. दोन लाखांतून प्रोसेसिंग फी सहा हजार, तिच्यावरचा जीएसटी एक हजार ऐंशी, कर्जाचा विमा साडेसात हजार. हातात पडणार एक लाख पंच्याऐंशी हजार चारशे वीस. हप्ता मात्र पूर्ण दोन लाखांवर. छत्तीस हप्ते मिळून जाणार दोन लाख सहासष्ट हजार. काकांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग माझ्याकडं बघितलं.

"चहा घे आनि जा," म्हणाले.

मी चहा घेतला आणि गेलो. त्यांच्या दोन आकड्यांतच सगळं आलं होतं. ते अकरा टक्के 'सपाट' होते, म्हणजे तुम्ही अर्धं कर्ज फेडलंत तरी व्याज मोजायचं पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर. उरलेल्या रकमेवर मोजायला बसलात तर तोच दर विसाच्या घरात जातो. विमा फॉर्मवर आधीच टिक केलेला असायचा. तो नको म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला होता, आम्ही तो सांगत नसू. वेळेआधी कर्ज फेडायला गेलात तर त्याचाही दंड, तोही सातव्या पानावर. आता नियम झालाय, कंपनीला एका पानावर सगळा खर्च धरून खरा दर लिहून द्यावा लागतो. ते पान मागा. नाही मिळालं तर काकांचे दोन आकडे मागा आणि तेही लेखी घ्या. एजंट बोलतो ते वाऱ्यावर जातं, हे एजंटच सांगतोय.

आणि त्या दिवसानंतर मी सुधारलो का? छे! दोन महिने भातसानगरकडे फिरकलो नाही, एवढंच.

कार्डाचं तर आणखी सोपं होतं. आम्ही तोंडानं म्हणायचो, 'लाइफटाइम फ्री.' कागदावर असायचं, पहिलं वर्ष फुकट, पुढं वर्षाला अमुक इतकी खरेदी केली तरच फुकट, नाहीतर वार्षिक फी. गिऱ्हाइकानं कार्ड एकदा तरी वापरल्याशिवाय आमचं कमिशन निघत नसे. म्हणून पहिला वापर आम्हीच करून द्यायचो. "सिस्टर, तुमचा मोबाइल रिचार्ज मारून देतो कार्डावरून, पैसे मीच भरतो, माझ्याकडून भेट." गिऱ्हाईक खूश, कार्ड चालू, माझं कमिशन खिशात.

आणि फॉर्मवर ईमेलचा रकाना. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं सरकत नसे. आमच्या भागात तेव्हा कुणाकडं असायचा ईमेल? मग मी एक बनवून ठेवला होता, पासवर्ड माझ्या बाइकचा नंबर. ज्याच्याकडं नाही त्याच्या फॉर्मवर तोच टाकायचा. प्रत्येक वेळी मधे एक ठिपका इकडचा तिकडं केला की यंत्राला वाटायचं नवा पत्ता आहे, पण टपाल सगळं एकाच पेटीत. ही युक्ती मला सीनियरनं शिकवली आणि मी चौघांना शिकवली. कुणाला काही वाईट करतोय असं वाटलं नाही. रकाना भरतोय, बस.

वंदना देसले ही टोकावडे भागातल्या उपकेंद्राची सिस्टर. एकदा तिथं लसींचा डबा पोचवायला गाडी आली नव्हती, तर मी माझ्या बाइकवरून तिला आणि डब्याला सरळगावहून सोडलं होतं. तेव्हापासून ओळख. मी कार्डाचं काढलं तर म्हणाली, "मला कशाला हवं, विशेभाऊ? आमी रोखीनं घेनारी मानसं."

"असू द्या हो अडीनडीला. आयुष्यभर फुकट आहे."

"फुकट ना नक्की?"

"मी सांगतोय ना!"

"तुमी सांगता म्हंजे बरोबर असंल," म्हणाली आणि सही केली. सोबत लसींचा डबा वाहिला होता ना मी.

नंतर फोनमध्येच पाच मिनिटांत कर्ज मिळायला लागलं आणि आमच्यासारख्यांची गरज संपली. मी शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. ईमेलच्या त्या पेटीकडं मी बघणं तर केव्हाच सोडलं होतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वंदना सिस्टर दुकानात आली. उभ्या उभ्या पर्समधून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्यावर हळदकुंकू वाळलेलं होतं. लक्ष्मीपूजनाला पासबुकासोबत तिनं त्याची दरवर्षी पूजा केली होती आणि मग दागिन्यांच्या डब्यात ठेवून दिलं होतं.

"ह्या कार्डानं माझं घर अडवलंय," ती म्हणाली.

अठरा वर्षं ती उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहत होती. बदली झाली की क्वार्टर सोडायची, रिटायर झाली की सोडायची. मुरबाडला एक मास्तर कल्याणला राहायला चालले होते, त्यांच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. समोर नळ, मागं पेरूचं झाड. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाले होते ते. बँकेनं होमलोनचं सगळं पास केलं होतं आणि शेवटच्या दिवशी साहेबांनी कागद पुढं केला. तिच्या नावावर क्रेडिट कार्डाची थकबाकी. सत्तावीस हजार चारशे बारा रुपये.

"एक रुपयाचं काय घेतलं नाय मी त्याच्यावर, भाऊ."

"मेसेज नाही आले, सिस्टर? फोन?"

"आले तर! ढीगभर आले. मी खोडले. पोलिसांनी कार्यक्रम घेतला ना आमच्याकडं, बँकेच्या नावानं मेसेज आला तर हात लावायचा नाय म्हनून. बायकांच्या मीटिंगमदी मीच सांगते सगळ्यांना. आता मी कार्ड वापरतच नाय, तर मला बिल कसलं येनार? मी म्हटलं, फ्रॉडच! नंबरपन ब्लॉक केले."

ती वागली ते शहाण्या माणसासारखंच वागली होती. तिनं कंपनीकडं तक्रारही केली होती. त्याचं उत्तर तिनं माझ्यापुढं ठेवलं. 'आपली मासिक बिले आपण नोंदवलेल्या ईमेलवर वेळोवेळी पाठवलेली आहेत, सबब आकारणी योग्य आहे.' खाली तो पत्ता छापलेला. ठिपका तिसऱ्या अक्षरानंतर.

"हा पत्ता कोनाचा हाय, विशेभाऊ? फॉर्म तर तुमीच भरला होता."

समोर दोन गिऱ्हाइकं झेरॉक्सला उभी.

"बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर दुकानातच पेटी उघडली. बाइक विकली तरी तिचा नंबर पाठ होता. वंदना देसले नाव टाकलं तर बिलांची रांग. पहिल्या वर्षाची फी शून्य. दुसऱ्या वर्षी वार्षिक फी चारशे नव्व्याण्णव, वर जीएसटी. भरली नाही म्हणून लेट फी. लेट फीवर जीएसटी. दोन्हींवर महिन्याचं व्याज. व्याजावर जीएसटी. मग पुढच्या वर्षीची फी. खरेदीच्या रकान्यात पहिल्या महिन्याचा माझा रिचार्ज तेवढा, बाकी कोरा. मग नुसतं खाली खाली जात राहिलो. भोईर, घोलप, चौधरी, पाटील. सगळ्यांना मी नावानिशी ओळखत होतो. मोजले तर त्रेसष्ट.

त्यानंतरचे आठ दिवस मी काय केलं हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी फिरलो. सकाळी दुकान उघडायचं, तासाभरात बंद करायचं, मुलाची स्कूटर घ्यायची आणि निघायचं. एकदा किन्हवलीपर्यंत गेलो आणि परत आलो. एकदा सरळगावच्या नाक्यावर अर्धा तास उभा राहिलो, डावीकडं वळलं की टोकावडे, आणि उजवीकडं वळून मुरबाडला जाऊन भजी खाऊन आलो. भूक नव्हती. जेवताना मधेच उठायचो. बायको म्हणाली, "अंगात काय वारं शिरलंय का? डॉक्टरला तरी दाखवा." मी तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी सिस्टरला फोन केला. म्हटलं, "मी भरतो ते सत्तावीस हजार. विषय संपवू."

"पैसे नकोत," ती म्हणाली. "बँकेच्या साहेबांना विचारलं मी. नुसते भरले तर रेकॉर्डला तसंच राहतं, उशिरा भरले म्हनून. म्हंजे मीच बुडवले होते असं झालं ना? कंपनीनं चूक मानून रेकॉर्ड साफ केलं तरच बँक पुढं जाईल. तुमी लिहून द्याल का, तो पत्ता माझा नाय म्हनून?"

म्हणजे तिला कळलं होतं. पत्ता कुणाचा, हे ती बोलली नाही तेवढंच.

"बघतो, सिस्टर."

काय बघत होतो? कागदावर दोन ओळी लिहायच्या होत्या. पण त्या दोन ओळी म्हणजे मी गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर खोटी माहिती भरली याची माझ्याच सहीची कबुली. एकदा नाही, त्रेसष्ट वेळा. कंपनी पोलिसात गेली तर? तहसील कचेरीसमोर माझं दुकान, रोज शंभर माणूस तिथून जातं. मला भीती वाटत होती, साधी भीती, आणि ती मी कामाच्या गडबडीखाली दाबत होतो.

आठव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, पेन्शनच्या कसल्याशा फॉर्मसाठी. मी भरत होतो. नाव, गाव, आधार नंबर. मग रकाना आला आणि मी विचारलं, "बाबा, ईमेल?"

"तो काय असतो? टाका तुमीच काय ते," बाबा म्हणाले.

आणि माझी बोटं टाइप करायला लागली. मी बघतोय, आणि बोटं तोच पत्ता टाकतायत, ठिपक्यासकट. अर्ध्यावर थांबलो. बाबांना म्हटलं, "उद्या या, तुमच्या नातवाला घेऊन या, तुमचा स्वतःचा बनवू." त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. खरंच बिघडली होती.

शटर अर्धं ओढलं आणि आत बसून लिहिलं. 'सदर ईमेल माझा असून अर्जदार श्रीमती देसले यांना त्याची माहिती नव्हती. अर्जात तो मी भरला. कार्डाचा पहिला वापरही मीच केला. वार्षिक फी लागेल हे मी त्यांना सांगितले नाही, उलट कार्ड आयुष्यभर फुकट असल्याचे सांगितले.' खाली सही, माझा एजंट कोड, फोन नंबर. दुपारी कल्याणच्या ऑफिसात जाऊन दिलं आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका, हेही याच धंद्यात शिकलो. तिथल्या मुलीनं वाचलं आणि हळूच म्हणाली, "अंकल, याच्यात तुम्हीच अडकताय."

"अडकू दे," मी म्हणालो. फार शूर वाटलं तेव्हा. जिन्यावरून उतरताना पोच दोनदा खिशातून काढून बघितली ते वेगळं.

पोलिस आले नाहीत. कंपनीनं माझा एजंट कोड रद्द केल्याचं पत्र पाठवलं. तो चार वर्षं बंदच होता.

उत्तराची वाट बघत घरी बसणं जमण्यासारखं नव्हतं. बाकीच्या बासष्ट जणांची यादी छापली आणि निघालो. बऱ्याच जणांनी कार्डं आपापली बंद करून टाकली होती. अकरा जणांच्या नावावर मात्र असंच काहीतरी वाढत बसलेलं. कसाऱ्याला एका रेल्वेवाल्यानं माझी कॉलर धरली, मग सोडली, मग म्हणाला, "आता आलास तर फॉर्म तूच भर." मी भरला, त्याच्या मुलीच्या ईमेलवर. भातसानगरला एक जण नुसता हसत सुटला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

कंपनीला सव्वीस दिवस लागले. सगळी आकारणी मागं घेतली, रेकॉर्ड दुरुस्त केलं, दिलगिरीच्या दोन ओळीही पाठवल्या. पण तोवर दसरा होऊन पाच दिवस झाले होते. मास्तर बोलल्याप्रमाणे दसऱ्यापर्यंत थांबले होते. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी त्या खोल्या देऊन टाकल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. मी बोटांवर मोजलं. सिस्टर पहिल्यांदा दुकानात आली त्याच दिवशी मी लिहून दिलं असतं, तर दसऱ्याला तीन दिवस बाकी असते. पुन्हा मोजलं. तीनच येतात.

मग टोकावड्याला गेलो. या वेळी नाक्यावर थांबलो नाही. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात आया पोरं घेऊन बसलेल्या, सिस्टर टेबलापाशी. मी जाऊन उभा राहिलो.

"कंपनीचं झालं, सिस्टर."

"मेसेज आला," ती म्हणाली. "ह्या टायमाला वाचला मी."

"खोल्यांचं कळलं मला."

"हां. गेल्या त्या." तिनं समोरच्या पोराचं कार्ड भरलं, तारीख घातली, आईच्या हातात दिलं. मग वर न बघता विचारलं, "मधे ते आठ दिवस तुमी काय करत होता, भाऊ?"

माझ्याकडं उत्तरं तयार होती. सिस्टीम बंद होती, साहेब रजेवर होते, कागद सापडत नव्हता. चौदा वर्षांचा सराव आहे, तोंड उघडलं की आपोआप येतात. सगळी जिभेवर आली.

"घाबरत होतो," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं.

"मंग तसं सांगायचं ना. पोलिसात जायची पाळी आली असती तर मी आले असते तुमच्यासोबत."

तिनं पुढच्या बाईला हाक मारली, "आन गो तुझ्या लेकराला." मी बाजूच्या बाकावर बसलो आणि रडायला लागलो, थांबवता येईना, आणि सुईच्या भीतीनं रडणारी पोरं गप्प होऊन माझ्याकडं बघायला लागली.